घरगुती कार्यशाळेंतील शेगडा

आगगाडीचें इंजिन, गलबत, विमान यांच्या लहान प्रतिकृति स्वतःच्या हातानें घडविण्याचा छंद हा बुद्धि आणि हात या दोहोंस वळण लावणारा आहे. पुण्यास कोथरूड भागांत १९९८ सालीं सुरू झालेलें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहून आलेलें मूल घरीं येतांच पत्रा आणि तार मागूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं. वडील मंडळी कौतुकानें करवत, कानस, गिरमिट घेऊन देतात. परंतु तुकडा घट्ट धरावयाचा कशानें, हा विचार मागाहून सुचतो. मूल एका हातानें पत्रा दाबतें, दुसऱ्यानें करवत ओढतें. पत्रा थरथरतो, रेघ चुकते, प्रसंगीं बोटहि कापतें. सबब अवजारांत पहिला मान शेगड्याचा, म्हणजे कारखान्यांत ज्यास ‘व्हाइस’ म्हणतात त्याचा, असें आमचें मत आहे.

व्याकरणांत ज्याच्या साहाय्यानें क्रिया घडते तें करण आणि ज्याच्या आधारावर घडते तें अधिकरण, असा भेद आहे. कानस हें करण होय; शेगडा हें अधिकरण होय. आधारच डळमळीत असेल तर उत्तम करणहि व्यर्थ जातें.

शेगडा जितका मोठा तितका चांगला, हा समज मात्र टाकून द्यावा. लोहाराचा उभ्या पायाचा शेगडा घणाचे घाव सोसण्यासाठीं असतो, सुताराचा रुंद जबड्यांचा शेगडा लांकडासाठीं. आपणांस हवा तो फिटरचा, समांतर सरकणाऱ्या जबड्यांचा. त्याच्या जबड्याची रुंदी ७५ ते १०० मिलिमीटर असली म्हणजे प्रतिकृतीच्या बहुतेक कामांस पुरते. १५० मिलिमीटरांचा शेगडा घरच्या टेबलास जड होतो आणि बारीक तुकडा त्यांत हरवल्यासारखा दिसतो.

रबरी बुडानें मेजास चिकटणारे लहान शेगडेहि बाजारांत मिळतात. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो असतो. त्याच्या बळावर ते चिकटून राहतात. परंतु त्यांस कांचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. खरबरीत लांकडावर हवा आंत शिरून ते सुटतात. रंग देणें, डाग देणें अशा हलक्या कामांस ते ठीक; कानशीच्या कामास नव्हेत.

दुकानांत वरच्या रंगाकडे पाहूं नये. प्रथम जबडे मिटवून उजेडासमोर धरावे. फट एकसारखी नसेल तर तो शेगडा परत ठेवावा. नंतर कागदाच्या दोन पट्ट्या जबड्यांच्या दोन टोकांशीं धरून हलकेच आवळावें. दोन्ही सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत. मग जबडा अर्धा उघडून वर-खालीं व आजूबाजूस हलवून पाहावा. खडखड वाजणारा जबडा तुकडा तिरपा धरतो. शेवटीं दांडी उलट-सुलट फिरवावी. थोडी रिकामी फिरणें स्वाभाविक आहे, परंतु मध्येंच अडकतां कामा नये. जबड्यांवरील पोलादी पट्ट्या स्क्रूनें बसविलेल्या असाव्या, म्हणजे झिजल्यावर बदलतां येतात.

दांडीच्या लहानपणावर जाऊं नये. तिचें टोक मध्यापासून १०० मिलिमीटर असेल आणि एका फेऱ्यांत जबडा ३ मिलिमीटर सरकत असेल, तर हाताचा जोर हिशेबानें सुमारें २०९ पट होतो. ५ किलोंच्या जोरापैकीं तीन चतुर्थांश भाग घर्षणांत गेला असें धरलें तरी २५० किलोंहून अधिक दाब उरतो. म्हणून दांडीस नळी अडकवून आवळणें हें अविचाराचें होय. बहुतेक शेगडे बिडाचे असतात. बीड दाब सोसतें, परंतु वांकत नाहीं, एकदम तडकतें. त्यावर हातोडी चालविणेंहि याच कारणास्तव वर्ज्य.

पोलादी पट्ट्यांवरील खांचा पितळेवर वण उठवितात. त्यांवर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पत्र्याचीं काटकोनांत वांकविलेलीं आवरणें घालावीं; तीं घरींच होतात.

शेगडा टेबलाच्या पायाजवळ बसवावा आणि आरपार बोल्ट व खालून वायसर घालून आवळावा. नुसत्या लांकडी स्क्रूंवर विसंबूं नये. स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित् पुढें असावा, म्हणजे लांब पट्टी उभी धरतां येते. जबड्यांची उंची काम करणाराच्या कोपराइतकी असावी. मूल लहान असेल तर टेबल कापूं नये; पायांखालीं भक्कम पाट द्यावा.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आमच्या अध्यापनाच्या काळांत आम्हीं अनेकदां पाहिलें आहे कीं, डुलत्या आधारावर काम बिघडलें म्हणजे मूल अवजारास दोष देत नाहीं. ‘माझा हातच वाईट’ असें मनाशीं ठरवून तें छंद सोडून देतें. मोठ्या माणसांस दोष कोठें आहे हें कळतें, मुलास कळत नाहीं. म्हणून घरांत चार अवजारें कमी आलीं तरी चालेल. पण शेगडा खरा असावा. नीट निगा राखली तर तो नातवंडांच्याहि हातीं तसाच भक्कम जाईल.