मीटरच्या आकड्याखाली सही

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, ‘रनिंग किती झालंय?’ गाडीची किंमत आणि इंजिनाचं उरलेलं आयुष्य, दोन्हींचा अंदाज त्या एका आकड्यावर बांधला जातो. हा आकडा खोटा करणं मात्र अवघड नाही. जुन्या यांत्रिक मीटरची चाकं हातानं मागे फिरवत. डिजिटल मीटर आल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं, पण आता केबल जोडून काही मिनिटांत हवा तो आकडा चढवता येतो.

अमेरिकेनं १९७२ मध्ये याविरुद्ध केंद्रीय कायदा केला. मीटर मागे फिरवायला बंदी आली आणि गाडी विकताना आकडा लेखी देणं सक्तीचं झालं. पण तो आकडा वेगळ्या कागदावर द्यायचा होता. मधल्या व्यापाऱ्यानं तो कागद नाहीसा केला आणि खोट्या आकड्याचा नवा कागद पुढे केला, तर खरेदीदाराला काही कळायचं नाही. म्हणून १९८६ च्या ‘ट्रुथ इन मायलेज अ‍ॅक्ट’नं हा आकडा थेट ‘टायटल’वर, म्हणजे मालकीच्या मूळ कागदावरच आणला. त्याची छपाईही अशी हवी, की खाडाखोड केली तर दिसून येईल. या साऱ्या कायद्यात मला हीच दुरुस्ती सर्वांत शहाणी वाटते. मालकी ज्या कागदानं हस्तांतरित होते, त्याच कागदावर आकडा असल्यावर तो गहाळ करायचा कसा?

विकणारा तिथे आकडा आणि तारीख लिहून सही करतो, घेणाराही सही करतो. आकडा खरा आहे की नाही, हेही सांगावं लागतं. पाच अंकी मीटर ९९,९९९ मैलांनंतर पुन्हा शून्यावर येतं. सव्वा लाख मैल धावलेली गाडी मग पंचवीस हजार दाखवते, आणि तसं असेल तर ते नमूद करावं लागतं. मीटर बिघडून आकडा भरवशाचा राहिला नसेल, तर ‘हा खरा आकडा नाही’ असं लिहून द्यायचं. दुरुस्तीत जुना आकडा कायम ठेवता आला नाही, तर मीटर शून्यावर आणून आधीचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख डावीकडच्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. प्रामाणिक माणसाला वाट ठेवणारा कायदा मला भावतो.

पूर्वी दहा वर्षांच्या गाडीला यातून सूट मिळे. गाड्या जास्त वर्षं टिकू लागल्या, तशी ही सूट फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. म्हणून १ जानेवारी २०२१ पासून २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांसाठी ही मुदत वीस वर्षांची झाली. खोट्या आकड्यानं दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या जातात, असा तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे. हेतुपुरस्सर फसवलं गेलेल्याला नुकसानीच्या तिप्पट किंवा दहा हजार डॉलर, यांतली मोठी रक्कम मागता येते. गुन्हेगाराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेली आपली कितीतरी मुलं पहिली गाडी जुनीच घेतात. त्यांना एकच सांगणं: टायटलवरची आकड्याची जागा कोरी असेल तर सही करू नका. आकडा विकणाऱ्यानं स्वतः भरायचा असतो. भरल्यावर तो मीटरशी ताडून बघा.

आपल्याकडे गाडी नावावर करताना आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरतात. दोन्हींत चेसिस नंबर असतो, मीटरच्या आकड्याला रकाना नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना आपल्या ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायला लावलं, पण त्याआधी गाडी किती धावली याचं उत्तर त्या नोंदीत सापडत नाही. हा रकाना या फॉर्मांमध्ये यायलाच हवा, आणि त्याखाली दोघांच्या सह्या. तोवर सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी काढून घ्याव्यात, विक्रीच्या करारात मीटरचा आकडा तारखेसह लिहून त्याखाली विकणाऱ्याची सही घ्यावी आणि मीटरचा फोटो जोडावा.