भालेकऱ्याने रणगाडा उडवला!

ब्राँझचे भाले आणि ढाली घेतलेली प्राचीन ग्रीकांची फॅलँक्स डोंगरमाथ्यावर पाय रोवून उभी आहे. खालून विसाव्या शतकातला रणगाडा चढून येतो आणि हल्ला करतो. दुसऱ्या क्षणी पडद्यावरून रणगाडाच नाहीसा होतो. १९९१ साली आलेल्या सिड मायरच्या ‘सिव्हिलायझेशन’ या गेममध्ये हे खरोखर घडायचं आणि खेळणारे डोक्याला हात लावायचे. ‘भालेकऱ्याने रणगाडा उडवला’ ही पुढे या गेमच्या शौकिनांमध्ये म्हणच होऊन बसली.

गेममध्ये काही बिघाड नव्हता. आळीपाळीने चाली खेळायच्या या डावपेची गेममध्ये प्रत्येक तुकडीला आकडे दिलेले असतात. फॅलँक्सचा हल्ला १ आणि बचाव २, रणगाड्याचा हल्ला १०. ढोबळ हिशेब असा, की हल्ल्याचा आकडा आणि बचावाचा आकडा यांच्या प्रमाणात जिंकण्याची शक्यता वाटून द्यायची. मोकळ्या मैदानात १० विरुद्ध २, म्हणजे रणगाडा सहापैकी पाच वेळा जिंकणार. पण डोंगरावर बचाव तिप्पट होतो, म्हणजे ६. मोर्चा बांधला की त्याच्या दीडपट, म्हणजे ९. आता लढत १० विरुद्ध ९! रणगाड्याच्या वाट्याला शंभरात जेमतेम ५३ विजय उरले. शिवाय फासा टाकायचा तो एकदाच, आणि हरणाऱ्याची अख्खी तुकडी गेली.

तो ‘एकदाच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९९६ च्या ‘सिव्हिलायझेशन २’ मध्ये तो गेम बनवणाऱ्या ब्रायन रेनॉल्ड्स आणि मंडळींनी तेवढाच बदलला. प्रत्येक तुकडीला हिट पॉइंट मिळाले. लढाई एका फटक्यात न संपता फेऱ्याफेऱ्यांनी होऊ लागली. फेरी हरणाऱ्याचे पॉइंट कमी होतात आणि ज्याचे आधी संपतील तो मेला. वरवर पाहता हा किरकोळ फरक वाटतो. पण वही-पेन्सिल घेऊन बसलं तर गंमत कळते. समजा दोघांकडे दहा-दहा पॉइंट आहेत, दर फेरीला एक जातो, आणि एक बाजू दुसरीच्या दुप्पट बळकट आहे, म्हणजे प्रत्येक फेरी जिंकण्याची तिची शक्यता दोन तृतीयांश, साधारण ६७ टक्के. मग अख्खी लढाई जिंकण्याची शक्यता किती? ६७ नव्हे, साडेत्र्याण्णव टक्के. मैदानातल्या १० विरुद्ध २ च्या लढतीत फॅलँक्स सहातून एकदा जिंकत होती, ती आता साधारण २,८०० लढायांत एकदा जिंकेल. आकडे तेच, फासेही तेच, फक्त ते टाकायचे अनेकदा. एका चेंडूवर अकराव्या क्रमांकाचा फलंदाजही षटकार मारून जातो, पण पाच दिवसांच्या कसोटीत त्याच्या जिवावर सामना निघत नाही, इथेही तेच.

म्हणजे नशिबाला किती वाव द्यायचा, हे ठरवणारा एक खटकाच गेम बनवणाऱ्याच्या हाती असतो. हिट पॉइंट वाढवले की बळकटाचं फावतं, कमी केले की दुबळ्याला आशा. २००१ च्या तिसऱ्या भागात ते पुन्हा कमी झाले, तुकडीच्या अनुभवानुसार दोन ते पाच. भालेकरी परत रणगाडे उडवू लागले आणि खेळणारे परत ओरडू लागले.

इथवरचं सगळं गणित शाळकरी पोरालाही सुटेल. खरी पंचाईत पुढे आहे, कारण खेळणारा माणूस गणिताप्रमाणे वागत नाही. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये खुद्द सिड मायरने याचे मासलेवाईक किस्से सांगितले. लढाईआधी पडद्यावर ‘३ विरुद्ध १’ असं दाखवलं, तर चारात एकदा हरणं ओघानंच आलं. पण तसं हरलेला खेळाडू गेम फसवतोय म्हणून तक्रार करतो. तोच खेळाडू १ विरुद्ध ३ असताना जिंकला तर मात्र काही बोलत नाही, ते आपल्या डोकेबाजपणाचं फळ! त्याहून अजब पुढचा किस्सा. २ विरुद्ध १ मध्ये अधूनमधून हरणं लोकांना चालतं. तेच प्रमाण २० विरुद्ध १० असं दाखवलं की चालत नाही. वीस म्हणजे दहापेक्षा दहांनी जास्त, एवढे जास्त असताना हरतो कसा? शेवटी आधीच्या लढाईचा निकाल पुढच्या हिशेबात धरायचं ठरलं, म्हणजे लागोपाठ दोनदा नशीब फिरून खेळाडू वैतागणार नाही.

जपानच्या ‘फायर एम्ब्लेम’ या मालिकेने याहून मऊ हाताने काम केलं, आणि मला विचाराल तर ते अधिक चतुर आहे. २००२ च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’मध्ये पडद्यावर ‘९० टक्के’ दिसतं तेव्हा गेम आतल्या आत एका ऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. सरासरी मधल्या आकड्यांकडे झुकते. त्यामुळे नव्वदचे होतात अठ्ठ्याण्णव, आणि दहाचे जेमतेम दोन. शत्रूचे नेम बहुधा खालच्या आकड्यांत आणि आपले वरच्या, म्हणून ही लबाडी खेळाडूच्या पथ्यावर पडते. नव्वद टक्के म्हणजे ‘लागणारच’ असं आपल्या मनाला वाटतं, तेव्हा यंत्राने आकडा न बदलता मनाला दुजोरा दिला. याला फसवणूक म्हणायचं की सौजन्य, हे ज्याने त्याने ठरवावं.

मायरच्या वीस-दहावाल्या खेळाडूला प्रमाण कळत नव्हतं, फरक कळत होता. २०१६ च्या ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये लढाईचं सूत्रच फरकावर बेतलेलं आहे. प्रत्येक तुकडीला शंभर हिट पॉइंट. दोघांचं बळ सारखं असेल तर एका हल्ल्यात दोघांचंही सरासरी ३० पॉइंटचं नुकसान होतं, नशिबाच्या वर-खाली होण्याने २४ ते ३६. बळात दहाचा फरक पडला की बलवान ४५ च्या आसपास मारतो आणि २० खातो. तीसचा फरक म्हणजे एका फटक्यात जवळपास खेळ खलास. याचा फायदा असा, की ‘दहाची जादा ताकद’ म्हणजे काय ते अश्मयुगातही तेवढंच आणि विमानांच्या काळातही तेवढंच.

त्यातून मग भालेकऱ्याची किंमत कशी ठरते पाहा. त्याचं बळ २५, घोडेस्वाराचं ३६. समोरासमोर घोडेस्वार त्याला तुडवेल. पण घोड्यावरच्या शत्रूसमोर भालेकऱ्याला दहा जास्त मिळतात. झाले ३५, म्हणजे बरोबरीची लढत, आणि भालेकरी उभा करायला लागतो कमी खर्च. रणगाड्यासमोर मात्र आता त्याची धडगत नाही. फरक एवढा मोठा, की त्याच्या भाल्याने रणगाड्याचे शंभरातले तीन-चार पॉइंट जायचे, ओरखडाच तो.

पण आकडे तुकड्यांचे असतात आणि लढाया गर्दीच्या. १९१६ साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विमानयुद्धाचा विचार करताना मांडलं होतं, की दुरून मारा करणाऱ्या सैन्याचं बळ संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सारख्याच ताकदीचे तीनशे विरुद्ध दोनशे लढले, तर दोनशे संपतील तेव्हा उरलेले शंभर नसून दोनशे वीस-पंचवीस असतील. ज्यांची संख्या जास्त ते लवकर मारतात, लवकर मारल्यामुळे कमी मरतात, आणि फरक आणखी वाढत जातो. अशा हिशेबात एक-एक तुकडी कितीही तोलून बनवा, सगळं सैन्य एका जागी गोळा करणाऱ्यापुढे तो तोल टिकत नाही. ‘सिव्हिलायझेशन’च्या पहिल्या चार भागांत एकाच चौकोनात तुकड्यांची चवड रचता येई, आणि चौथ्या भागात तर अशा चवडीला खेळणाऱ्यांनी मृत्यूचा ढीग असं नाव दिलं होतं.

म्हणून २०१० च्या पाचव्या भागात चौकोन गेले, षटकोन आले आणि एका घरात लढणारी एकच तुकडी असा नियम झाला. आता शत्रूला फार तर सहा बाजूंनी घेरता येतं. खिंड एका घराची असेल तर तिथे मोठ्यातली मोठी फौजही एकेकाने लढते. डोंगर, नदी, जंगल यांना पुन्हा वजन आलं. फक्त संगणकाला स्वतःच्या फौजा चालवणं जड जाऊ लागलं. तिरंदाज पुढे आणि तलवारबाज मागे अडकलेत, तोफा रस्ता अडवून बसल्यात, अशी कोंडी तो स्वतःच करायचा. कठीण पातळीवर संगणकाला उत्पादनात आणि इतर बाबतीत सवलती असतात. त्याला डावपेच जमत नाहीत, म्हणून फौजच जास्त!