बी.एड. केलं म्हणजे पहिलीच्या वर्गावर शिकवता येतं का? कोणत्या इयत्तेसाठी कोणता कोर्स लागतो, ते समजून घ्या

पदवीचा निकाल लागला की घरात एक सल्ला हमखास मिळतो. "बी.एड. करून ठेव, कुठेतरी नोकरी लागेलच." सल्ला देणाऱ्या काका-मामांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यांच्या वेळचे नियम आणि आजचे नियम यांत बराच फरक पडला आहे. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं, 2015-16 पासून ते दोन वर्षांचं झालं. टीईटी नावाची परीक्षा तेव्हा नव्हती. आणि मुख्य म्हणजे, बी.एड. झालेल्यांना आता पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नव्यानं नेमता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा अनेकांना कोर्स पूर्ण झाल्यावर, भरतीचा अर्ज भरताना कळतो. तोपर्यंत दोन वर्षं आणि फी दोन्ही गेलेली असतात. म्हणून आधी इयत्ता ठरवा आणि मग कोर्स निवडा.

कोणत्या वर्गासाठी काय लागतं?

- पहिली ते पाचवी: बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर 1. पूर्वी आपण ज्याला डी.एड. म्हणायचो, तोच हा कोर्स.
- सहावी ते आठवी: पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटीचा पेपर 2.
- नववी-दहावी: पदवी आणि बी.एड. पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा हवा.
- अकरावी-बारावी: त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.
- वरिष्ठ महाविद्यालय: इथे बी.एड. लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. हा वेगळाच रस्ता आहे.

बी.एड. मोठं, मग लहान वर्ग का नाही?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. बी.एड. पदवीनंतर होतं आणि डी.एल.एड. बारावीनंतर. मग ज्याला दहावीचा वर्ग चालतो, त्याला पहिलीचा का चालू नये?

कारण हे दोन कोर्स एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं, हातचा म्हणजे काय ते समजावणं, घरची बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातल्या भाषेपर्यंत आणणं, हे डी.एल.एड.मध्ये शिकवलं जातं. बी.एड. मुळात मोठ्या मुलांना एखादा विषय कसा शिकवावा यासाठी आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद म्हणजे एनसीटीई. तिनं 28 जून 2018 रोजी अधिसूचना काढून बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करण्याची अट होती. हा वाद राजस्थानातून न्यायालयात गेला. तिथल्या उच्च न्यायालयानं 2021 मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. शिक्षण हक्क कायद्यातलं मोफत शिक्षण दर्जेदारही असलं पाहिजे आणि प्राथमिक वर्गांसाठी त्याच वर्गांचं प्रशिक्षण हवं, असा निकालाचा आशय होता. हा निकाल पुढच्या नेमणुकांसाठी आहे, असं न्यायालयानं एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केलं.

महाराष्ट्रात याचा फटका मोठा आहे, कारण जिल्हा परिषदेच्या बहुतांश शाळा प्राथमिक आहेत. भरतीच्या जाहिरातीत पहिली ते पाचवीच्या जागा दिसतात, पण फक्त बी.एड. असलेल्या उमेदवाराला त्यांवर दावा करता येत नाही.

टीईटी आणि टेट एकच का?

नाही. नावं सारखी वाटतात, म्हणून इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ही 150 गुणांची असते आणि पास होण्यासाठी 60 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, 2021 पासून ते आयुष्यभरासाठी वैध आहे.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही 200 गुणांची असते. इथे पास-नापास नसतं. मिळालेल्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत गुणवत्तेनुसार निवड होते. ही परीक्षा दरवर्षी होत नाही. पहिली 2017 च्या अखेरीस झाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये आणि मग 2025 मध्ये. म्हणजे कोर्स संपला की लगेच भरती, असं गणित मांडू नका.

टीईटी हा केवळ नव्या उमेदवारांचाही प्रश्न राहिलेला नाही. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होण्यास सांगितलं. पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

चार वर्षांचं बी.एड. काय आहे?

बारावीनंतर थेट बी.ए.-बी.एड., बी.एस्सी.-बी.एड. किंवा बी.कॉम.-बी.एड. असा हा एकात्मिक कोर्स आहे. त्याला आयटीईपी म्हणतात. तो 2023-24 पासून निवडक संस्थांमध्ये सुरू झाला आणि प्रवेशासाठी एनटीएची वेगळी परीक्षा असते. पदवी आणि बी.एड. वेगवेगळं केलं तर पाच वर्षं लागतात, इथे एक वर्ष वाचतं. 2030 पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता हीच असावी, असं राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे बारावीतच शिक्षक व्हायचं ठरलं असेल, तर हा पर्याय आधी तपासा.

"एक वर्षाचं बी.एड. पुन्हा सुरू झालं" हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यामागची गोष्ट एवढीच की, एनसीटीईनं फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद होती. तीन वर्षांची पदवी असणाऱ्यांसाठी ती नव्हती. शिवाय मसुदा म्हणजे नियम नव्हे. कुणाकडेही पैसे भरण्याआधी अंतिम अधिसूचना एनसीटीईच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

फी भरण्यापूर्वी या चार गोष्टी तपासा

1. मान्यता: कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का? मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही.

2. हजेरी: "कॉलेजला येऊ नका, फक्त परीक्षेला या" असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. नियमानुसार वर्गात 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. ही इंटर्नशिप 20 आठवड्यांची असते आणि खरं शिकवायला माणूस तिथेच शिकतो.

3. घरबसल्या बी.एड.: दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, पण ते सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा डी.एल.एड.सारखा कोर्स आधी नियमित पद्धतीनं केलेल्यांसाठी. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलासाठी ते नाही.

4. फी: खासगी कॉलेजची मंजूर फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेज सांगतंय तो आकडा आणि तिथला आकडा जुळतो का ते बघा. प्रत्येक रकमेची पावती घ्या.

लहान मुलांत रमत असाल, तर "डी.एड.ला आता काय किंमत आहे" या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. पहिली ते पाचवीच्या वर्गाचं दार त्याच कोर्सनं उघडतं. तुम्हाला विषय शिकवण्याची आवड असेल, तर बी.एड. करा. आणि ओळखीत कुणी यंदा प्रवेश घेणार असेल, तर फॉर्म भरण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: "तुला कितवीला शिकवायचंय?"