पर्यटन-व्हिसा

परक्याच्या घरीं गेल्यावर उंबरठ्याबाहेर उभें राहून ‘आंत येऊं का?’ असें विचारण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. व्हिसा म्हणजे तोच प्रश्न, मात्र लेखी. पासपोर्ट आपलें सरकार देतें, व ‘हा आमचा नागरिक’ एवढेंच तो सांगतो. व्हिसा ज्या देशीं जावयाचें तेथील सरकार देतें. त्यांत किती दिवस राहावयाचें व कोणत्या कामासाठीं, हें नमूद असतें.

इ. स. १८८३ त आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हां असा परवाना कोणी मागत नसे. पहिल्या महायुद्धांत (१९१४-१८) सरकारांनीं हीं दारें लाविलीं, तीं पूर्वींसारखीं पुन्हा उघडलीं नाहींत. नेपाळास जाण्यास मात्र आपणांस आजही व्हिसा लागत नाहीं.

पालकांस नवल वाटेल, परंतु ह्या अर्जाचा आरंभ शाळेच्या कचेरींतच होतो. आमच्या भागांतील जुन्या पिढींत कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे. प्रवेशाच्या दिवशीं खरी तारीख आठवेना, म्हणून गुरुजींनीं सोयीची मांडली. पुढें दाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरी, असें झालें म्हणजे पासपोर्टाचें काम अडतें. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो. नांवाचेंही तसेंच. आडनांवाचा रकाना रिकामा ठेवून एकच नांव पासपोर्टावर घातलेल्या प्रवाशांस संयुक्त अरब अमिरातीनें नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन-व्हिसावर प्रवेश नाकारला आहे.

आतां प्रत्यक्ष अर्ज. युरोपांतील २९ देशांचा शेंगेन-व्हिसा उदाहरणार्थ घेऊं. १८० दिवसांत अधिकांत अधिक ९० दिवस राहतां येतें. परतीच्या तारखेपुढें पासपोर्टाची मुदत तीन महिने तरी उरलेली असावी, आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा असावा, व अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिने ते पंधरा दिवस ह्या अवधींत करावा. कागद पुष्कळ, पण अधिकाऱ्याच्या मनांत प्रश्न एकच : हा मनुष्य परत जाईल काय? रजेचें पत्र, बँकेचा खातेउतारा, सातबारा हीं सर्व त्याच प्रश्नाचीं उत्तरें होत. उसनवार आणून आदल्या आठवड्यांत खात्यांत भरलेली रक्कम त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. अमेरिकेचा कायदा तर पर्यटन-व्हिसा मागणारा तेथें कायम राहूं इच्छितो असेंच आधीं गृहीत धरतो; तसें नाहीं हें मुलाखतींत अर्जदारानें पटवावयाचें. नकार आल्यास शुल्क परत मिळत नाहीं.

एवढ्यावर थांबलों असतों. पण बीड हा उचल घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्यांचा जिल्हा. येथील तरुणास ‘आखातांत काम देतों, आधीं पर्यटन-व्हिसावर चल,’ असें कोणी सांगितल्यास त्यास तें खरें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून स्पष्ट लिहितों. पर्यटन-व्हिसावर मजुरी करणें हा त्या देशांत गुन्हा आहे. मालकानें पगार बुडविला तर दाद मागण्यास जावें कोठें? तक्रार करणाराच आधीं पकडला जावयाचा. आपल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वयें दहावी उत्तीर्ण नसलेल्यास सौदी अरेबिया, कुवेत, कतार आदि १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं सरकारी मंजुरी घ्यावी लागते, व ती देतांना नोकरीचा करार तपासला जातो. पर्यटनास जाणाऱ्यास ही मंजुरी लागत नाहीं. दलालाची नजर नेमकी ह्याच फटीवर असते. दहावीचें प्रमाणपत्र पासपोर्टाच्या अर्जास जोडलें तर मंजुरीची ही अट पासपोर्टावर पडत नाहीं, हेंही आमच्या वरच्या वर्गांनीं ध्यानीं ठेवावें.

परदेशीं नोकरी मिळवून देणाऱ्याजवळ सरकारी नोंदणी असावी लागते. तिचा क्रमांक त्याजकडे मागावा, व ‘ई-मायग्रेट’ ह्या सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहावा. नोंदणीकृत दलालास सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्याहून अधिक घेतां येत नाहीं, आणि त्याची पावती द्यावी लागते.