मध्यवर्ती दूरध्वनी यंत्रणा आणि शाखेतील राखीव सोय

एका संस्थेची चार ठिकाणी कार्यालये असली, की पूर्वी प्रत्येक ठिकाणी वेगळा दूरध्वनी बोर्ड असे. देखभालीचे करार चार आणि आपल्याच शाखेशी बोलायचे तरी बाहेरच्या लाईनचे बिल. आता इंटरनेटवरून आवाज नेणाऱ्या ‘व्हीओआयपी’ पद्धतीमुळे हा सर्व कारभार एका ठिकाणी आणता येतो. संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांना तिची ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आपण बोलतो तेव्हा फोन आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेतो. प्रत्येक मोजमाप ८ बिटांचे, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. ही माहिती साधारणतः सेकंदाला ५० पाकिटांतून जाते. पाकिटांवरील पत्ते धरून एका संभाषणास सुमारे ९० किलोबिट लागतात. दहा संभाषणांना जेमतेम १ मेगाबिट पुरतो. तेव्हा खरा प्रश्न वेगाचा नाही, खंडाचा आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य फोन बंद पडले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी याच महानगराची वीज गेली. अशा वेळी मुख्य कार्यालयातील यंत्रणा चालू असली, तरी शाखेची जोडणी तुटली की तेथील सर्व फोन मुके होतात. नेमके तेव्हाच कोणी चक्कर येऊन पडले तर?

यावर उपाय आहे. शाखेतील फोन मध्यवर्ती यंत्रणेला ठरावीक वेळाने संदेश पाठवीत असतात. उत्तर येईनासे झाले, की ते शाखेतीलच राउटरकडे आपली नोंद करतात. मात्र तशी सोय असलेला राउटर निवडून, ती आधी चालू करून घ्यावी लागते. या राउटरला एक स्थानिक दूरध्वनी लाईन जोडलेली असली, म्हणजे शाखेतल्या शाखेत आणि बाहेरही बोलता येते. निरोप साठवणे, अनेकांनी एकत्र बोलणे अशा सोयी तेवढा काळ मिळत नाहीत; परंतु मदत मागता येते.

स्थानिक लाईनचा आणखी एक लाभ आहे. शाखेतून ११२ला केलेला फोन मुख्य कार्यालयाच्या लाईनवरून गेला, तर मदत चुकीच्या पत्त्यावर निघण्याचा धोका असतो. म्हणून असे फोन एरवीही स्थानिक लाईनवरूनच जावेत.

विजेचाही विचार हवा. जुन्या तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे. आजचा फायबर मोडेम घरची वीज गेली की थांबतो. म्हणून मोडेम, राउटर, नेटवर्क स्विच आणि फोन या सर्वांना यूपीएस द्यावा. राखीव लाईन इंटरनेटच्याच केबलमधून आलेली नसावी. बाहेरून येणारे फोन खंडाच्या वेळी एखाद्या मोबाईलवर वळविण्याची व्यवस्था दूरध्वनी कंपनीकडून आधीच करून घ्यावी.

शेवटी एक विनंती. वर्षातून दोनदा इंटरनेटची केबल मुद्दाम काढून पाहावी आणि फोन लागतो का, याची खात्री करावी. न तपासलेल्या राखीव सोयीवर विसंबता येत नाही. कारभार एका ठिकाणी जरूर आणावा. मदतीची हाक देण्याची शक्ती मात्र प्रत्येक शाखेच्या हाती ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.