विमानभाडे आणि पंचांग

चतुर्थी जवळ आली, की गोमंतकीय घरांत दोन भावांची चर्चा हमखास सुरू होते. एक माटोळीच्या सामानाचा आणि दुसरा मुंबई, बंगळूर, दुबईहून घरी यावयाच्या मुलांच्या विमानभाड्याचा. पहिल्या महागाईबद्दल लोक बाजाराला बोल लावतात, दुसरीबद्दल नशिबाला. शेजारच्या घरातील मुलगा त्याच विमानाने निम्म्या भाड्यात आला आणि आपल्या मुलाला दुप्पट मोजावे लागले, याचा उलगडा कोणाला होत नाही. आमच्या मते यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. तिकिटाची किंमत कशी ठरते हे नीट समजून घेतले, तर सामान्य कुटुंबाच्या खिशाला बसणारी चाट पुष्कळ कमी करता येते. जी चाट एवढे करूनही टळत नाही, तिच्यासाठी सरकारकडे व विमान कंपन्यांकडे नेमकी कोणती मागणी करावी, तेही मग स्पष्ट होते.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज अमदानीत 1955 साली सुरू झाला. गोवा मुक्तीनंतर येथून इंडियन एअरलाइन्सची विमाने उडू लागली तेव्हा भाडे ठरलेले असे. महिनाभर आधी तिकीट काढणारा आणि आदल्या दिवशी काढणारा, दोघेही सारखेच पैसे देत. ते पैसे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असत आणि सामान्य माणूस आगबोटीने किंवा घाटातल्या एस.टी.ने मुंबई गाठी, ही गोष्ट वेगळी. 1953 च्या कायद्याने सरकारी महामंडळांकडे दिलेली ही मक्तेदारी 1994 साली संपली. 2003 साली एअर डेक्कनने अल्पदरातील विमानसेवेस आरंभ केला आणि त्याबरोबर एका आसनाला एक भाव हा नियमही मोडीत निघाला. हे तंत्र अमेरिकेतून आले. तेथे 1978 साली विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर मोठ्या कंपन्यांनी संगणकाच्या साहाय्याने एकाच विमानातील आसने निरनिराळ्या भावांनी विकण्याची विद्या विकसित केली. आज जगातील बहुतेक कंपन्या तीच विद्या वापरतात.

ती विद्या थोडक्यात अशी. विमानातील आसने कंपनी भावांच्या निरनिराळ्या गटांत वाटते. सर्वांत स्वस्त गटात थोडी आसने असतात. ती संपली की पुढचा गट उघडतो, तो संपला की त्याच्या पुढचा. प्रवासाचा दिवस जवळ येतो तसे स्वस्त गट बंद केले जातात, कारण आयत्या वेळी येणारा उतारू अडलेला असतो आणि अडलेला माणूस घासाघीस करीत नाही, हे कंपनीला ठाऊक असते. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पाच जणांच्या कुटुंबाने एकदम पाच तिकिटे मागितली आणि स्वस्त गटात तीनच आसने उरली असली, तर बहुधा पाचही तिकिटांना वरच्या गटाचा भाव लागतो. म्हणून आधी एका माणसासाठी भाव पाहावा, मग पाचांसाठी. दोहोंत फरक दिसला तर तीन आणि दोन अशी तिकिटे वेगळी काढावीत. अमुक वारी, मध्यरात्रीनंतर तिकीट काढले म्हणजे स्वस्त मिळते, या समजुतीत मात्र फारसे तथ्य नाही. तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आणि किती वाजता करावयाचा, यावर भाव अधिक अवलंबून असतो. पहाटेचे व रात्री उशिराचे विमान आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांचे विमान सहसा स्वस्त असते.

येथे आपल्या पंचांगाचा संबंध येतो. स्वस्त तिकीट मुख्यतः ज्याला दिवस बदलता येतो त्याला मिळते. पर्यटक आठवडाभर मागेपुढे होऊ शकतो, परंतु गणपती काही कोणाच्या सोयीने येत नाही. शिवाय गोमंतकाची एक वेगळी अडचण आहे. येथील विमानांचे वेळापत्रक पर्यटनाच्या हंगामावर बेतलेले असते. तो हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चचा, आणि कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. आपला सर्वांत मोठा सण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे पर्यटनाच्या मंदीच्या दिवसांत पडतो. अशा दिवसांत फेऱ्या बेताच्या आणि घरी येणारे एकदम हजारोंनी, मग भाव चढणारच.

परंतु ज्या पंचांगामुळे आपण अडतो, तेच आपल्या उपयोगाचेही आहे. चतुर्थीची तिथी कंपनीला जेव्हा ठाऊक होते, त्याच्या कितीतरी आधी ती आपल्याला ठाऊक असते. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्ट रोजी होती. 2026 च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती 14 सप्टेंबर रोजी, सोमवारी येते. म्हणजे आधीचे शुक्रवार, शनिवार आणि रविवार सर्वांत महाग जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. एरवीच्या प्रवासासाठी महिना-दोन महिने आधी तिकीट पाहिले तरी चालते. सणासाठी तीन-चार महिने आधी पाहावे आणि शक्य असल्यास बुधवारी किंवा गुरुवारी यावे. दीड दिवसाचे विसर्जन आटोपून दुसऱ्या दिवशी परतणाऱ्यांची झुंबड असते. आणखी एक-दोन दिवस आईवडिलांपाशी राहिल्यास तेवढेच पैसेही वाचतील.

गोमंतकीयांच्या पदरी दुसरा एक लाभ आहे, तो फार थोडे जण घेतात. नाताळ व नववर्षाच्या आधी सारी गर्दी गोव्याकडे येते आणि नववर्षानंतर ती बाहेर पडते. ज्या दिवसांत येणारी विमाने भरून येतात, त्याच दिवसांत जाणाऱ्या विमानांत आसने तुलनेने रिकामी असतात. या प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या गोमंतकीयाला सहसा कमी भाडे पडते. तसेच जून-जुलैमध्ये पर्यटक नसतात. ज्या कामाला तिथीचे बंधन नाही, अशा कामासाठी बाहेर जाण्यास ते दिवस उत्तम.

तथापि तिकिटावरील आकडा म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे. हिशेब घरच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंत करावयास हवा. 5 जानेवारी 2023 पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि गोव्याला दोन विमानतळ झाले. तिकीट काढताना दोन्ही 'गोवा' या एकाच नावाखाली समोर येतात. पेडण्याच्या, डिचोलीच्या माणसाला मोपा जवळ. परंतु मडगाव तेथून साठ किलोमीटरांहून दूर आणि काणकोण त्याहूनही लांब. हजार रुपये वाचविण्यासाठी मोपाचे तिकीट काढून त्याहून अधिक पैसे टॅक्सीला देणारे काणकोणकर आम्हाला पाहावयास मिळतात. मोपाहून कदंबच्या बसगाड्या आहेत. आपले विमान कोणत्या वेळी उतरते आणि त्या वेळी बस मिळते का, हे आधीच पाहावे. मुंबईबाबतही आता हीच सावधगिरी हवी. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. गोव्याहून तेथे उतरून पुढे सहार येथून आखाताचे विमान पकडावयाचे असेल आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी थांबत नाही आणि भरपाईही देत नाही. अशा प्रवासासाठी एकच सलग तिकीट थोडे महाग पडले तरी शहाणपणाचे.

सामानाचेही तसेच. अनेक भाड्यांत पंधरा किलोपर्यंतचे सामान धरलेले असते, काही अतिस्वस्त भाड्यांत मात्र हातातील पिशवीखेरीज काहीही धरलेले नसते. मानकुरादची पेटी घेऊन निघालेल्या माणसाने असले तिकीट काढले, तर विमानतळावर आंब्यांपेक्षा त्यांच्या वजनाचे मोल अधिक होते. जादा वजनाचे पैसे आधी भरले तर कमी पडतात. हा सारा हिशेब मांडल्यावर कित्येकदा रेल्वेच सरस ठरते. जून 2023 पासून मडगाव-मुंबई वंदे भारत गाडी धावू लागली. पावसाळ्याचे दिवस वगळता ती हे अंतर सुमारे आठ तासांत कापते. मात्र 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधीच उघडते, हे ध्यानात ठेवावे.

तिकीट रद्द करण्याची पाळी आली, तर आपला हक्क काय हेही ठाऊक असावे. मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक रक्कम कंपनीला रद्दीकरणापोटी कापता येत नाही; कर आणि विमानतळाचे शुल्क तर सवलतीच्या तिकिटावरही परत करावे लागते. 'परतावा नाही' हे शब्द वाचून पुष्कळ लोक तिकीट टाकून देतात आणि स्वतःचे पैसे कंपनीला दान करतात. प्रवासास पुरेसा अवधी असल्यास काढलेले तिकीट निदान चोवीस तासांत बिनखर्च रद्द करता येते. फार आधी तिकीट काढण्यात एक धोकाही आहे. किंगफिशर 2012 साली, जेट एअरवेज 2019 साली आणि गो फर्स्ट 2023 साली बंद पडली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या उतारूंची परवड झाली. ज्या कंपनीबद्दल चिंताजनक बातम्या येत असतील, तिचे तिकीट सहा महिने आधी काढू नये.

आता ज्यांना नियोजन करताच येत नाही, त्यांचा विचार. वडील अत्यवस्थ असल्याची तार पूर्वी येई, आता दूरध्वनी येतो. मुलाला त्याच दिवशी निघावे लागते आणि सर्वांत महाग तिकीट त्याच्याच वाट्याला येते. त्याला पंचांगाचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली, तेव्हा केंद्र सरकारने कमाल भाडी ठरवून दिली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये. म्हणजे सरकारपाशी अधिकार आहे, हे सिद्ध झाले. कायमचे भाडेनियंत्रण आम्ही मागत नाही. त्याने स्वस्त गटातील आसनेही नाहीशी होतील. परंतु देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा 2025 साली एकाच कंपनीच्या हाती होता. अशा बाजारात स्पर्धा भाव आवरील, असे मानून स्वस्थ बसता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोन. पहिली, 2025 च्या दिवाळीपूर्वी नागरी विमान महासंचालनालयाने कंपन्यांकडून जादा फेऱ्यांची व्यवस्था करविली, तशी चतुर्थीच्या आठवड्यात मुंबई, बंगळूर आणि आखातातून गोव्याकडे करवावी, आणि राज्य सरकारने ती मागणी वेळेवर, मे महिन्यातच दिल्लीला कळवावी. दुसरी, एअर कॅनडासारख्या काही परदेशी कंपन्या निकटच्या आप्ताच्या निधनप्रसंगी सवलतीचे भाडे देतात; विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि सैनिक यांना सवलत देणाऱ्या आपल्या कंपन्यांनी हीही सवलत द्यावी. अशा उतारूंची संख्या विमानामागे एक-दोनच असणार. कंपनीचे त्यात फारसे जाणार नाही. सणाला यावयाचे की नाही हे पुष्कळ कुटुंबांत आता भाड्यावर ठरू लागले आहे. पहाटेचे विमान, आधी काढलेले तिकीट आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब, एवढे आपण करावे. बापाच्या अंत्यदर्शनाला निघालेल्या मुलाकडून दुप्पट भाडे घेतले जाऊ नये, एवढे सरकारने आणि कंपन्यांनी पाहावे.