आमवाताची गोळी, लस आणि तीन आठवड्यांचा खोकला



पावसाळा संपता संपता सातपुड्यातील एका पाड्यावर भेटीला गेले होते. ओळखीच्या एक मावशी ओट्यावर खोकत बसल्या होत्या. "चुलीचा धूर लागतो, ताई," त्या म्हणाल्या. विचारल्यावर कळले, खोकला तीन आठवड्यांचा आहे. त्यांना आमवात आहे; आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज स्टेरॉइडची लहान गोळी चालू होती. थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला. औषध वेळेत सुरू झाले, आज त्या बऱ्या आहेत. पण मीही आधीच्या भेटीत त्यांचा खोकला ऐकला होता आणि धुरालाच दोष दिला होता. म्हणून हा लेख.

आमवात म्हणजे वयामुळे होणारी गुडघेदुखी नव्हे. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून स्वतःच्या सांध्यांवर हल्ला करते. औषधे त्या शक्तीला आवर घालतात. सांधे वाचतात, पण जंतूंशी लढण्याची ताकदही थोडी कमी होते. स्टेरॉइडमुळे ताप दबून राहू शकतो, त्यामुळे आजार लवकर लक्षात येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'मध्येही पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. तरीही डॉक्टरांनी दिलेली गोळी भीतीने बंद करू नये. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच; चुकून रोज घेतले तर ते विषासारखे होते.

आता लसींविषयी. लसी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. फ्लूच्या इंजेक्शनात, तसेच न्यूमोनिया, कावीळ-ब यांच्या लसींत जिवंत जंतू नसतात, म्हणून त्या अशा रुग्णांना घेता येतात. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी घ्यावी. आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला डॉक्टर सांगू शकतात, म्हणजे लस चांगली लागू पडते. हे स्वतःच्या मनाने करू नये. गोवर, कांजिण्या, बीसीजी यांच्या लसींत दुबळे केलेले पण जिवंत जंतू असतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना त्या सहसा देत नाहीत. म्हणून लस देणाऱ्या ताईंना आपली औषधे आधी सांगावीत.

घरातल्या बाळांच्या लसी मात्र मुळीच चुकवू नयेत. पोलिओ किंवा रोटाव्हायरसचे थेंब दिल्यावर काही आठवडे बाळाची शी-शू दुसऱ्याने काढावी. ते जमले नाही तर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. घरातील बाकीच्यांनी लसी घेतल्या, तर आजारी माणसाभोवती कुंपणच तयार होते.

आपल्या पाड्यांवर आणखी एक धोका आहे. अनवाणी चालताना मातीतील काही जंत कातडीतून शरीरात शिरतात. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अंगात ते भयंकर वाढू शकतात. म्हणून शेतातही पायात चप्पल-बूट हवेत, पाणी उकळून प्यावे आणि जखम लगेच धुवावी.

मंडळीतून पाड्यांवर भेटीला जाणाऱ्यांना विनंती: सांधे सुजलेला माणूस दिसला तर तीन गोष्टी विचारा. गोळ्या कोणत्या चालू आहेत? ताप, वजन घटणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का? यंदा लस घेतली का? खोकला असेल तर त्यांना सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन जा. क्षयरोगाची तपासणी व औषध तेथे मोफत आहे. कुटुंब ऊसतोडीला निघाले असेल, तर औषधांचा कागद आणि पुरेशा गोळ्या सोबत आहेत ना, हेही पाहा. मोठ्या माणसांच्या फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी बहुधा विकत घ्याव्या लागतात. आपल्या दानाचा तेथे मोठा उपयोग होतो.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याचा खोकलाही कान देऊन ऐकूया.

आपली सेवेतील बहीण